निगुडकर रोग

नवरा आणि मुलासह मुलगी बघायला आलेल्या बाईंनी पोह्यांची प्लेट बाजूला सारली आणि मोबाईल मुलीच्या वडिलांपुढे धरला. "निगुडकर रोग, आनुवंशिक. हे आधी नाही का सांगायचं?"

डॉक्टर निगुडकरांना हसू आवरेना. "अहो, आमच्या घरात कुणालाच नाही तो. मी शोधून काढला, म्हणून त्याला माझं आडनाव दिलंय."

"असेल. पण चार लोक आडनावच बघतात. आमच्याकडे सात पिढ्यांत असलं काही नाही. काय हो?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने मान डोलावली आणि चहाची कपबशी हातात घेतली. त्याची डावी करंगळी हळूच तळहाताकडे वळली, थरथरली आणि पुन्हा सरळ झाली. त्याला पत्ताही नव्हता.

डॉक्टरांचं हसू मावळलं. अशी वळणारी करंगळी त्यांनी आजवर फक्त आपल्या रुग्णांच्या हाताला पाहिली होती. रोगाची सुरुवात तिथूनच होते, हे त्यांनीच पहिल्यांदा लिहिलं होतं.

बाई पर्स घेऊन उठल्या. पाठोपाठ त्यांचा मुलगाही उठला.

"लग्नाचं राहू द्या," डॉक्टर बाईंच्या नवऱ्याला हळू आवाजात म्हणाले, "पण उद्या माझ्या दवाखान्यात या. येताना मुलालाही आणा."