खिडकीपाशी बसलेली बाई

"छायाचित्रकला म्हणजे प्रकाशाशी केलेला आत्मसंवाद!" परीक्षकांनी दोन्ही हात पसरून घोषणा केली, एक पाऊल मागे टाकलं, आणि प्रोजेक्टरच्या वायरीत पाय अडकून सभागृहात मिट्ट काळोख केला. छायाचित्रकार मंडळाचे झाडून सारे सभासद भिंती चाचपू लागले. प्रकाशाच्या एवढ्या उपासकांना दिव्याचं बटण काही सापडलं नाही. ते सापडलं दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंना, आणि त्या सभासद नव्हत्या.

त्या दातांच्या डॉक्टरांच्या पत्नी. सभासद होते ते डॉक्टर, तेही जुने. मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर आपला एक तरी फोटो लागावा, एवढंच त्यांचं मागणं. पण दरवर्षी फोटो परत. गेल्या वर्षीच्या परीक्षकांनी तर एकाच वाक्यात निकाल लावला होता : "दात छान आले आहेत." म्हणून या खेपेला डॉक्टरांनी बायकोला खिडकीपाशी बसवलं आणि ओठ मिटून घ्यायला सांगितलं.

वायर जोडली गेली. पडद्यावर नेमका तोच फोटो आला.

मंडळाचा नियम असा, की फोटो कुणी काढलाय हे परीक्षकांना कळता कामा नये. म्हणून चर्चा संपेपर्यंत काढणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. लोकांना तोंड उघडायला लावून गप्प करण्यात ज्यांची हयात गेली, ते डॉक्टर आता तोंड मिटून गप्प बसले. फोटोतली बाई परीक्षकांपासून चार हातांवर, भर उजेडात बसलेली. परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि या दोघींचा काही संबंध असेल अशी शंकासुद्धा त्यांना शिवली नाही. बाकीचे सभासद छताकडे बघू लागले.

"प्रकाश बघा," परीक्षक म्हणाले. "एकाच बाजूने येतोय. अर्धा चेहरा उजळलेला, अर्धा बुडालेला. या बाईंचं अर्धं आयुष्य संपलंय."

दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला लावलेला पांढरा पुठ्ठा ऐन वेळी पडला होता, हे उभं राहून ओरडून सांगावं असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आता रचना. चेहरा पार डाव्या कडेला आणि उजवीकडे ही रिकामी खुर्ची. ती कुणाची, हे मी सांगायला हवं का?" परीक्षकांनी आवाज खाली आणला. "यजमान गेले."

"अहो, तुम्ही गेलात," बाई कुजबुजल्या. डॉक्टरांनी नुसतेच डोळे वटारले.

"आणि फोकस! डोळे किंचित धूसर, कानातलं मात्र लख्ख. नवशिक्याने डोळे टिपले असते. इथे टिपलंय ते यजमानांनी दिलेलं शेवटचं कानातलं!"

डॉक्टरांनी डोळेच टिपले होते. बटण दाबताना हिनेच मान वळवली. आणि कानातलं मेहुणीने दिलेलं होतं.

बाईंनी हात वर केला. "सर, यजमान जाऊन साधारण किती वर्षं झाली असतील?"

परीक्षकांनी डोळे बारीक करून पडदा न्याहाळला. "बराच काळ झाला, बाई. बघा ना, नजरेत आता तक्रारसुद्धा उरलेली नाही."

"अगदी बरोबर ओळखलंत."

मागच्या रांगेत दोघातिघांना एकदम खोकल्याची उबळ आली.

"एकटेपणाचं इतकं सच्चं चित्र मी पाहिलेलं नाही," परीक्षकांनी जाहीर केलं. "हा फोटो प्रदर्शनात, मधल्या भिंतीवर. चिटणीस, शीर्षक वाचा."

चिटणीसांनी पाकीट फोडलं, चष्मा सारखा केला. "समाधान."

डॉक्टरांचे कान तापले. परीक्षक क्षणभर अडखळले, पण क्षणभरच. "वा! काय उपरोध आहे!" ते ओरडले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

चिटणीसांनी डॉक्टरांकडे बोट केलं. परीक्षक लगबगीने खाली उतरले, त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेतले आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुमच्या कोण त्या?"

डॉक्टरांना आता बोलायची पूर्ण मुभा होती. तोंडातून शब्द फुटेना.

"समजलं मला," परीक्षक म्हणाले आणि त्यांचा खांदा थोपटून निघून गेले.

डॉक्टर मट्कन खुर्चीत बसले. इतकी वर्षं ज्या टाळ्यांसाठी जीव टाकला, त्या एकदाच्या मिळाल्या होत्या आणि सोसवत नव्हत्या.

"खरं सांग," ते बायकोकडे न बघता म्हणाले. "उपरोध-बिपरोध काही नव्हता गं. मला वाटलं, तू सुखात बसलीयेस. नक्की काय चाललं होतं तेव्हा तुझ्या मनात?"

"कुठे काय? समोरचे काका गाडी मागे घेत होते. परत भिंतीला घासली. मी बघत होते, क्लच कधी सोडतात ते."

"क्लच?"

"शिकतेय मी. तुम्ही रविवारी कॅमेरा घेऊन बाहेर पडलात, की जाते. येते आता चांगली."

डॉक्टरांनी आता कुठे मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या, त्यामुळे ती जरा त्यांच्या कानाशी झुकली.

"परवान्यासाठी एक फोटो हवाय. उद्या सवड झाली तर काढून द्याल का? समोरून, ट्यूब लावून. मीच आहे हे कळलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं आहे."