साडूचा ॲम्प्लिफायर

मेदेरबेकने वर्षभर एकाहून एक भारी डिझाइनं सुचवली, तरी धाकटा साडू एसेन याने घरच्या घरी ॲम्प्लिफायर बनवला तो चिपच्या माहितीपत्रकातल्या साध्या डिझाइनवरूनच. तो ऐकायला मेदेरबेक बिश्केकला आला आणि चहाला बसतानाच त्याने नाक मुरडलं.

आतल्या खोलीत तीन तारांचा कोमुझ वाजू लागला.

“शी! हा कोमुझ आहे की कुणी पत्रा खरवडतंय? शाळकरी डिझाइन, दुसरं काय वाजणार! माझं ऐकलं असतंस, तर खऱ्या कोमुझसारखा आवाज आला असता.”

एसेनने गरम तळलेल्या बोरसोकांची ताटली पुढे सरकवली.



तेवढ्यात सूर थांबले आणि कोमुझ हातात घेऊनच सासरे दारात येऊन उभे राहिले, “मग जावईबापू, मला कुठली चिप बसवायची म्हणता?”