शेअर वाटेत आहेत

"अजून वाटेतच आहेत," रिसीव्हरवर हात ठेवून इर्मा म्हणाली.

"वाटेत म्हणजे कुठे? चालत येतायत का?" तिच्या धाकट्या भावाने, राउलीने विचारलं.

इर्माने तोच प्रश्न पलीकडच्या मुलीला जरा सभ्यपणे विचारला. मुलगी म्हणाली, जुन्या ब्रोकरने शेअर सोडल्याशिवाय ते नव्या खात्यात दिसणार नाहीत. कधी आठवडा लागतो, कधी तीन. तोवर ते कुणालाच विकता येत नाहीत, खुद्द मालकालाही नाही.

मालक, म्हणजे दोघांचे बाबा, खिडकीशी बसून कॉफीत गोड पाव बुडवत होते. व्हेइक्को हार्यूंनी थंडर बेच्या कागद गिरणीत उभी हयात काढली होती आणि पगारातून थोडे थोडे करत रेल्वेचे शेअर घेतले होते. म्हातारपणाला आता तेवढाच आधार होता. गेल्या महिन्यात त्यांना कुणीसं सांगितलं, की दुसऱ्या ब्रोकरकडे वर्षाचा आकार कमी पडतो. त्यांनी सगळे शेअर तिकडे हलवायला सांगितले. त्यांना ऐकायला कमी येई, म्हणून फोनाफोनी इर्माकडे आली. ती मागच्याच गल्लीत राहत होती.

"बरोबर आत्ताच सुचलं तुम्हाला," राउली म्हणाला. "इतकी वर्षं एका जागी होते की सुखाने."

"तू सांगितलं असतंस तर थांबलो असतो."

"फोनवर म्हटलं होतं ना मी, महत्त्वाचं काम आहे म्हणून?"

"काम कसलं ते नव्हतं सांगितलंस," बाबा म्हणाले आणि पावाचा तुकडा कॉफीत पडला म्हणून चमचा शोधू लागले.

काम असं होतं. विनिपेगजवळच्या तळ्याकाठी मासेमारीला येणाऱ्यांसाठी एक लॉज होतं आणि त्यात राउलीला निम्मी भागीदारी मिळत होती. शुक्रवारी बँक बंद व्हायच्या आत पैसे भरले नाहीत, तर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. वर राउलीने दिलेला विसारही बुडणार होता. याआधी त्याचं बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचं दुकान झालं होतं, मग घरोघरी सौनाची वाफेची खोली बसवून द्यायचा धंदा. दोन्हींना पैसे बाबांनीच दिले आणि दोन्ही बुडाले. बाबांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. राउलीला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. आई होती तोवर ते काम आईकडे असे.

"त्यातून पहिला अर्ज परत आला," इर्मा म्हणाली. "सही जुळली नाही. आठवडा त्यातच गेला."

"गिरणीत सगळ्या पाळीची हजेरी सांभाळलीत आणि स्वतःची सही चुकलात?"

"हात कापतो रे हल्ली," बाबा म्हणाले.

इर्माने भावाला डोळ्यांनीच दटावलं. पण मनात तिलाही धास्ती वाटली. बाबा खरंच थकत चालले होते.

बुधवारी राउली म्हणाला, "रद्द करा हे सगळं. जुन्या ठिकाणीच विकून टाकू." इर्माने विचारून पाहिलं. रद्द करायलाही तितकाच वेळ लागणार होता.

गुरुवारी संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याने इर्माला बाजूला घेतलं.

"तुझ्या घरावर बँकेने कर्ज मंजूर करून ठेवलंय ना? छपरासाठी घेणार होतीस ते?" तो अगदी हळू बोलत होता. "नुसती सही करायची. शेअर आले की बाबा फेडतील. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

तिच्यापाशी ते घर सोडून दुसरं काही नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. बरेच दिवस तो झोपला नसावा. दाढीत पांढरे केस आले होते.

"सकाळी जाऊ बँकेत," ती म्हणाली.

"कशाला?" दारातून बाबांचा आवाज आला. "उद्या शेअर येतील. ती मुलगीच म्हणाली ना?"

"असं कुठे म्हणाली ती, बाबा?"

"मला तसं ऐकू आलं. दुपारपर्यंत तरी थांबा. पोरीचं घर कशाला अडकवायचं?"

शुक्रवारी ते तिघं फोनजवळ बसून राहिले. दुपारची जेवणं झाली तरी काही कळेना. राउली पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होता. शेवटी इर्माने गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

"एकदा शेवटचा फोन कर," बाबा म्हणाले. "आले असतील तर उगाच कर्ज कशाला?"

तिने फोन लावला. पलीकडे कुणीतरी थांबा म्हणालं आणि संगीत सुरू झालं. ते संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"ठेव तो," राउली म्हणाला. "चल."

"आत्ता ठेवलास तर परत रांगेत सगळ्यात मागे," बाबा म्हणाले. "आता लागेलच."

इर्मा दोघांच्या मध्ये उभी राहिली. एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात फोन. मुलगी फोनवर आली तेव्हा बँक बंद झाली होती. शेअर अजून वाटेतच होते.

थोड्याच वेळात विनिपेगहून निरोप आला. लॉज दुसऱ्याला गेलं.

राउली न जेवताच निघाला. जाताना खाली वाकून त्याने बाबांना मिठी मारली. "तुमचा काय दोष, बाबा. माझंच नशीब."

गाडी दिसेनाशी होईपर्यंत बाबा खिडकीपासून हलले नाहीत. त्या रात्री तेही जेवले नाहीत.

सोमवारी सकाळी फोन वाजला. ऐकता ऐकता इर्माच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आले, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "आज आले मेले. सगळे. आता केव्हाही विकता येतील म्हणतेय ती."

बाबांनी कप खाली ठेवला.

"राउली दोन आठवड्यांनी नाताळात यायचाय ना?"

"हो. का?"

"मग फोन ठेवू नकोस. तिला सांग," बाबा म्हणाले, "ते परत जुन्या ब्रोकरकडे पाठवायचेत."