खिडकीची जागा

विमान ढगांखाली उतरलं तसं ताईने धाकटीच्या खांद्यावरून वाकून काचेवर बोट ठेवलं. "आता बघ हं. मी दाखवते तुला."

खिडकीची जागा तिने मोठ्या मनाने धाकट्या बहिणीला दिली होती. बिचारी जन्मात दुसऱ्यांदा विमानात बसत होती, आणि जाताना तर सगळा वेळ डोळे मिटून होती. तीन आठवडे ताईकडे परदेशात राहून आता दोघी मिळून घरी निघाल्या होत्या. ताईला ही वाट बारा वर्षांची पाठ. तळं आलं की ती सरसावून बसायची, आणि पुढे शाळेचं लाल छप्पर दिसलं की डोळे हमखास भरून यायचे. माझं गाव मला ढगातूनसुद्धा ओळखू येतं, असं ती तिकडे चारचौघांत छातीठोकपणे सांगायची.

"ते तळं," ताई म्हणाली.

"दिसलं. पाणी बरंच उतरलंय गं. पलीकडचा काठ पार उघडा पडलाय."

ताईला काठबिठ काही कळला नाही. तिला तळं नेहमीसारखंच दिसत होतं. "आणि ती बघ आपली शाळा. लाल छप्पर."

धाकटीने कपाळ काचेला टेकवलं. "कुठंय? ते होय? अगं, ती कोंबड्यांची शेड आहे!" ती खो खो हसत सुटली. "शाळेवर कधीचे निळे पत्रे आलेत. ती बघ, कालव्याच्या अलीकडे."

म्हणजे इतकी वर्षं आपण कोंबड्यांसाठी रडत होतो! ताईला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. शेजारच्या खुर्चीतला माणूस मात्र गालातल्या गालात हसला, ते तिने पाहिलं.

धाकटीला आता धरबंध राहिला नाही. ती पोस्टात होती, टपाल वाटायची. खालच्या सगळ्या वाटा रोज तिच्या दुचाकीखालच्या. "ती खाण. ती सुताराची नवी वखार. आणि तो पांढरा ठिपका म्हणजे शिंपीणबाईंचा कुत्रा असणार, भर रस्त्यात पसरतो मेला!"

विमानात पहिल्यांदाच डोळे उघडून बसलेली ही पोरगी वरून सगळं ओळखत होती. ताईच्या पोटात दुखायला लागलं. सख्ख्या बहिणीवर, आणि तेही तळ्या-खाणीवरून जळावं, याची तिला लाज वाटली. लाज वाटून जळणं काही कमी झालं नाही.

"तू यायचीस ना, त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन चादर हलवायचे," धाकटी म्हणाली. "दिसायची का गं?"

"दिसायची की," ताई म्हणाली. त्या वेळी ती कोंबड्यांकडे बघत असायची.

"आईला म्हणायचे, तू पण चल. तर म्हणायची, तूच जा बाई, मला जिना चढवत नाही."

"हो ना, गुडघे तिचे. मला फोनवर तेच सांगते."

चाकं बाहेर आल्याचा धडधडाट झाला. घरं मोठी होत गेली, गच्च्यांवरचं वाळत घातलेलं दिसू लागलं. आणि धाकटी एकदम किंचाळली, "ताई, आई! गच्चीवर आई आहे! अगं बाई, चढली कशी ही?"

ताईने मान लांब केली. पाण्याच्या टाकीला टेकून एक छोटीशी आकृती दोन्ही हातांनी पिवळी चादर हलवत होती. ताईच्या बारा वर्षांतल्या नऊ खेपांना आई तो जिना एकदाही चढली नव्हती. तीन आठवड्यांसाठी गेलेल्या मुलीसाठी चढली होती.

धाकटी हात हलवत होती, हसत होती, रडत होती. सगळी खिडकी तिनेच अडवली होती.

ताईने कमरेचा पट्टा खाटकन सोडला, तिला कोपराने मागे लोटलं आणि काचेला नाक लावलं.

"सरक," ती म्हणाली. "तिला मी पण दिसू दे."