हळदीचं शूटिंग

“हळू, मावशी, हळू! हळद लावायलात का भिंत सारवायलात?” बालाजी कॅमेऱ्याआडून ओरडला.

मांडवात हशा पिकला. जिंतूरहून आलेला हा व्हिडिओवाला सकाळपासून एकच सांगत होता, सावकाश, सिनेमासारखं सावकाश. पण चारठाणा गावच्या बायकांना सावकाश कुठलं जमतंय! कुणी नवरीच्या गालावर थापटीच मारली, कुणी नाकात हळद घातली. सुकेशनी शिंकून शिंकून बेजार झाली होती.

तिचे आजोबा, तात्याराव, कडेच्या खुर्चीवरून बघत होते. उजवा हात मांडीवर आपला आपला थरथरत होता. कंपवातानं त्यांची सगळी हालचाल मंदावली होती. सदऱ्याची बटणं लावेपर्यंत चहा निवायचा. नातीला आपल्या हातानं हळद लावायची, एवढंच त्यांनी लग्न ठरल्यापासून मनात धरलं होतं.

“आवं, आत्ता नका,” मालनबाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या. “चारची गोळी घ्या, मग लावा. गोळीनं जरा हात चालतेत. आत्ता लोक खोळंबतील.”

“तवर ती आंघोळीला जाईल.”

“आबा, या की!” सुकेशनीनंच हाक मारली.

ते उठले. एक पाऊल टाकलं. थांबले. जमिनीनं पाय धरून ठेवल्यासारखे. मग दुसरं पाऊल. कुणीतरी आधार द्यायला पुढं सरकलं.

“कुणी हात लावू नका!” बालाजी खेकसला. “बाजूला व्हा, मधी येऊ नका!”

त्यांची बोटं हळदीच्या वाटीत बुडायला वेळ लागला. मग हात वर निघाला. थोडा. अजून थोडा. सुकेशनी हलली नाही. गालाला बोटं टेकली आणि थरथर थांबली. हळदीची रेघ गालावरून हनुवटीपर्यंत इतक्या सावकाश उतरली, की मालनबाईंना मधल्या मधे डोळे पुसून घ्यायलाही सवड मिळाली.

बालाजीनं कॅमेरा खाली घेतला. त्याचे डोळे लकाकत होते.

“बघितलं का समद्यांनी? याला म्हणतेत सावकाश! आबा, कुठल्या नाटकात काम करत होतात वो तुमी? अजून एकदा कराल का?”

आबांच्या दुखण्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मालनबाईंनी जीभ चावली. तात्यारावांचा चेहरा हल्ली असायचा तसाच, दगडासारखा. मग ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. आणि सावकाश, अगदी सावकाश, चेहराभर हसू पसरलं.

“करतो की,” ते म्हणाले. “फक्त चारच्या आत आटप, बाबा. गोळी घेतली, की मला असं जमत न्हाई.”