औषधाचे केस

कृष्णेच्या घाटावर हेरंब पाटावर बसला. वस्तरा लावण्याआधी न्हाव्याने त्याच्या दाट केसांवरून नुसतं बोट फिरवलं, तसा हेरंब कळवळला.

"औषधाने उगवलेले आहेत हे," न्हावी मागे सरकला. "मी नाही कापणार, दादा. यांच्यात नसा असतात."

"केसांत कसल्या नसा?" वामनकाका खेकसले. "टक्कल आपल्या घराण्याचं. माझ्या भावानं ते जन्मभर मिरवलं, आणि तुला लाज वाटली? आज त्याचं दहावं आहे. मुंडण नको?"

"काका, प्रत्येक केस दुखतो," हेरंबची बायको गार्गी म्हणाली. "सगळे एकदम कापले तर हृदय बंद पडेल, असं डॉक्टरांनी बजावलंय."

"एक बट चालेल," गुरुजी हळूच म्हणाले.

हेरंबला दवाखाना आठवत होता. बोलणं बंद झालेल्या बाबांनी थरथरता हात त्याच्या डोक्यावर ठेवला होता, आणि त्याने झटकन डोकं मागे घेतलं होतं. हात तसाच हवेत राहिला. औषधाचं, आणि हात लागला की केस दुखतात हेही, बाबांना त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

न्हाव्याने बट कापली. हेरंब किंचाळला. कापल्या टोकांवर रक्ताचे बारीक थेंब आले.

"झालं. ऊठ आता," गार्गी म्हणाली.

हेरंबने उठण्याऐवजी डोकं आणखी वाकवलं.

"काका, तुमचा हात ठेवा डोक्यावर. मी कितीही ओरडलो तरी काढू नका."