तीट

परीक्षकांनी चिमीच्या कानामागून हात फिरवला आणि बोट वर धरलं. बोटाला काळं लागलं होतं.

"हे काय आहे?"

रंगनाथनं वाकून बोटाकडे पाहिलं. देवळाली कॅम्पातल्या त्या मैदानावर, दोरीच्या आत, आता दोनच पॉमेरियन कुत्री उरली होती. एक त्याची चिमी, दुसरं एका बंगलेवाल्या बाईंचं. चार वर्षं तो चिमीला घेऊन या प्रदर्शनाला येत होता आणि हात हलवत परत जात होता. एकदा रिबीन मिळाली की लोक पिल्लांसाठी आपलं दार शोधत येतील, असं तो दरवर्षी बायकोला सांगायचा. आता चिमी म्हातारी व्हायला आली होती, आणि तेच तेच सांगायचा त्यालाही कंटाळा आला होता. आज मात्र घास अगदी तोंडाशी आला होता.

दोरीपलीकडे त्याची बायको सिंधुबाई चिमीची करंडी धरून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यानंच रंगनाथला कळलं.

सकाळी चिमीला विंचरून झाल्यावर तिनंच काजळ लावलं असणार. कुणाला दिसू नये म्हणून कानामागे, तान्ह्या पोराला लावतात तसं. गेल्या खेपेची तिन्ही पिल्लं डोळे उघडायच्या आत गेली होती. आदल्या दिवशी शेजारीण "काय गुबगुबीत आहेत गं" म्हणून गेली, तेवढंच सिंधुबाईनं मनात धरलं होतं. त्यावरून रंगनाथ तिला नको नको ते बोलला होता. अडाणी म्हणाला होता.

"रंग लावलाय का?" परीक्षकांनी विचारलं.

"रंग नाही साहेब. काजळ आहे. तीट लावलीय."

खुर्च्यांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

"कुत्रीला तीट? कुणी लावली?"

सिंधुबाईनं मान खाली घातली.

"मीच," रंगनाथ म्हणाला. "दृष्ट लागू नये म्हणून."

आता हसणं सगळीकडेच पसरलं. परीक्षक हसले नाहीत. रुमालाला बोट पुसत ते म्हणाले, "अंगाला काहीही लावलेलं चालत नाही. नियम आहे. घेऊन जा." शेजारच्या टेबलावर बाईंच्या कुत्र्यानं अंग झटकलं, तशी पावडर उडाली. पण ती पांढऱ्यावर पांढरी, कुणाच्या बोटाला दिसणार?

दोघं बसथांब्यावर आले. उन्हानं चिमी करंडीत जीभ काढून पडली होती. थांब्यावरच्या बायका वाकवाकून तिच्याकडे बघत होत्या. "बाहुलीच जणू!" एक जण म्हणाली.

सिंधुबाईनं पदराचं टोक बाटलीतल्या पाण्यानं ओलं केलं आणि चिमीचा कान वर केला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पुसून टाकते."

रंगनाथनं बायकांकडे पाहिलं, मग चिमीकडे. त्यानं कान हलकेच पुन्हा खाली केला.

"राहू दे. बसमधी लय गर्दी असंल. समदे बघतील तिच्याकडं."